अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्र्यांना खुले पत्र : इराककडे पंथांच्या चष्म्यातून पाहू नका

माननीय परराष्ट्रमंत्री,
सादर नमस्कार.

इराक पेटला की शिया-सुन्नींचे भांडण जुनेच, असे तुमच्याकडचे नेते सांगतात. राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी तर जानेवारी २०१६ मध्ये काँग्रेससमोर पश्चिम आशियातल्या संघर्षांची मुळे हजारो वर्षे मागे नेली. पैगंबरांच्या वारसाचा वाद सातव्या शतकातला आहे, हे खरे. सद्दामने १९९१ मध्ये शियांचा उठाव रक्तात बुडवला, हेही खरे. पण सत्तेतल्या जागा पंथ मोजून वाटल्या त्या तुमच्या प्रशासनाने.

सद्दामची राजवट पाडल्यावर, जुलै २००३ मध्ये, इराकमधले तुमचे प्रशासक पॉल ब्रेमर यांच्या देखरेखीखाली २५ जणांची शासकीय परिषद बसली. १३ शिया, ५ सुन्नी अरब, ५ कुर्द, एक तुर्कमेन, एक ख्रिस्ती. कम्युनिस्ट पक्षाचा नेतासुद्धा त्यात शिया म्हणून मोजला गेला! त्याच्या दोनच महिने आधी ब्रेमर यांनी सैन्य बरखास्त करून लाखो माणसांना घरी बसवले होते. पुढे मंत्रालये पक्षांनी वाटून घेतली आणि नोकरीसाठी पक्षाची चिठ्ठी लागू लागली. २००६ मध्ये समरा शहरातली शियांची पवित्र दर्गाह उडवली गेली, तेव्हा बगदादच्या मिश्र वस्त्यांतून माणसे जीव मुठीत धरून पळाली.

२०१० मध्ये मतदारांनी वेगळी वाट दाखवली होती. माजी पंतप्रधान अयाद अल्लावी स्वतः शिया, पण सुन्नींनी भरभरून मते दिल्यामुळे त्यांच्या आघाडीला ९१ जागा मिळाल्या. तेव्हाचे पंतप्रधान नूरी अल-मलिकी यांच्या आघाडीला ८९. तरीही तुम्ही मलिकींनाच चालवून घेतले. अल-कायदाशी लढलेल्या सुन्नी टोळ्यांना दिलेली नोकऱ्यांची वचने त्यांनी पाळली नाहीत आणि २०१४ च्या जूनमध्ये मोसुल आयसिसच्या हाती गेले. तिथेच आमच्या ३९ भारतीय कामगारांना पळवून ठार केले. त्यांच्या घरच्यांना खात्रीची बातमी मिळायला मार्च २०१८ उजाडावा लागला.

ऑक्टोबर २०१९ मध्ये नासिरिया, करबला, बगदाद इथली हजारो तरुण मुले रस्त्यावर आली. बहुतेक शिया, आणि राग शिया पक्षांवर. 'आम्हाला देश हवा' ही त्यांची घोषणा. नजफमधला इराणचा वाणिज्य दूतावास त्याच आंदोलनात जळाला. गोळीबारात शेकडो मुले गेली. जानेवारी २०२० मध्ये तुमच्या ड्रोनने बगदाद विमानतळाजवळ इराणचे सेनापती कासिम सुलेमानी यांना मारले आणि सगळी चर्चा अमेरिका-इराणकडे वळली. या मुलांचे म्हणणे मागे पडले. याचे मला फार वाईट वाटते.

माझी मागणी साधी आहे. बगदादशी होणाऱ्या प्रत्येक बोलणीत त्या मुलांच्या खुन्यांवरच्या खटल्यांचा हिशेब मागा. सरकार बनवताना कोणत्या पंथाला कोणते पद, ही चर्चा तुमच्या राजदूतांनी करू नये. आणि सशस्त्र गटांना मोडायचे असेल तर सैन्यभरती पंथ न पाहता व्हावी, ही अट मदतीच्या करारात लिहा.

आपला,
एक भारतीय वाचक