पालकमंत्री साहेब, आम्हाला संध्याकाळचे सहा ते नऊ द्या

प्रति,
मा. पालकमंत्री, परभणी जिल्हा
तथा अध्यक्ष, जिल्हा नियोजन समिती

विषय : दारू सोडलेल्या माणसांना संध्याकाळी बसायला जागा मिळणेबाबत

महोदय,

स. न. वि. वि.

विषय वाचून आपलं कार्यालय हे पत्र समाजकल्याणकडं पाठवील, ते राज्य उत्पादन शुल्ककडं सरकवतील आणि शेवटी 'योग्य त्या कार्यवाहीसाठी' ते एखाद्या पोलीस ठाण्यात जाऊन पडेल. म्हणून टपालात न टाकता सगळ्यांदेखत लिहितो आहे.

ही दारूबंदीची मागणी नाही, हे आधीच सांगतो. चंद्रपुरात २०१५ साली बंदी झाली, २०२१ साली उठली. ती बरी का वाईट यावर शहाण्या माणसांचं भांडण अजून मिटलेलं नाही आणि माझ्यासारख्या मुनिमानं त्यात पडायचं कारण नाही. गावातलं दुकान बंद व्हावं म्हणून गावोगावच्या बाया आडव्या बाटलीसाठी मतदान मागतात, त्यांच्या बाजूनं माझा हात वरच आहे. पण आमची अडचण दुकानाचं शटर वर आहे की खाली, याच्या पुढची आहे. शटर वर असलं तरी आत जायचं नाही, असं ठरवलेली आम्ही माणसं आहोत.

मी सेलू तालुक्यातला. मोंढ्यात, म्हणजे धान्य-कापसाच्या बाजारात, आडतीवर हिशेब लिहितो. कापूस, सोयाबीन, तूर, हरभरा. सौदे उरकतात, काटा होतो, पट्ट्या लिहून होतात आणि दिवेलागणीला हात मोकळे होतात. माझी पिण्याची वेळ तीच होती. ट्रकवाले, हमाल, खताच्या दुकानातले, एखाद-दुसरे गुरुजी, सगळ्यांची तीच. कुणाच्या पोरीचं जमलं, कुणाचं पीककर्ज अडलं, कुठल्या जिनिंगवाल्यानं पैसे थकवले, हे सगळं त्या बैठकीत कळायचं. उसनवारी तिथं व्हायची, भांडणंही तिथंच मिटायची. माणूस सोडतो तेव्हा बाटलीसोबत हे सगळं सोडून येतो. व्यसनमुक्ती केंद्रातून महिनाभरानं बाहेर पडताना त्याच्या हातात गोळ्यांची चिठ्ठी असते, पण रिकामे झालेले तीन तास कुठं घालवायचे हे त्या चिठ्ठीवर लिहिलेलं नसतं.

घरीही तो माणूस नवाच असतो. पहिल्या आठवड्यात कौतुक होतं, शेजारणी विचारून जातात. दुसऱ्या आठवड्यात बायको म्हणते, "जरा बाहेर फिरून या की." तिची चूक नाही. इतकी वर्षं संध्याकाळचं घर तिनं एकटीनं लावलेलं असतं. लेकरांचा अभ्यास, भाकरी, मालिका, सगळ्याला जागा ठरलेली. त्यात मध्येच एक बाप्या येऊन पंख्याखाली बसतो आणि सगळ्यांना अवघडून टाकतो. मग तो बाहेर पडतो. आणि बाहेर कुठं जायचं, तर चौकात. चौकात कोण भेटतं, हे तुम्हाला माहीत आहे.

"काहून रे, माळ घातली का?" हा आमच्याकडचा पहिला प्रश्न. खरं सांगायचं तर माळ घालणं हा मराठवाड्यात दारू सोडण्याचा सगळ्यात जुना आणि लोकांना पटलेला रस्ता आहे. ज्याला तो मानवतो त्याचं भलं होतं. भजनी मंडळ मिळतं, एकादशी मिळते, वारी मिळते, आणि गळ्यात माळ दिसली की कोणी आग्रह करत नाही. जनाबाईचं गंगाखेड आपल्याच जिल्ह्यातलं, तेव्हा हे मी आपल्याला सांगायला नको. पण आमच्यात मुसलमान आहेत, बौद्ध आहेत, टाळ हातात घेतला की झोप येणारे आहेत, आणि पंचविशीतली पोरं आहेत ज्यांना मटण सोडायचं नाही, फक्त दारू सोडायची आहे. त्यांनी काय करावं?

छंद लावून घ्या, असं समुपदेशक सांगतात. बरोबरच सांगतात. पुण्यात १९८६ साली मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं. ते सुरू करणाऱ्या दांपत्यातले अनिल अवचट स्वतः ओरिगामी करायचे, लाकडात मूर्ती कोरायचे, बासरी वाजवायचे. हे मी आमच्या मोंढ्यात सांगितलं तर एक हमाल म्हणाला, "पुण्याच्या लोकाचं ठीक हाय मुनीमजी, आपल्याला पोतं उचलता येतं." हाच हमाल आज पखवाज वाजवतो. पण तिथवर यायला त्याला फार वेळ लागला, आणि ते का, हे आपण समजून घ्यावं म्हणून थोडं डॉक्टरी लिहितो.

रोज पिणाऱ्यानं एकदम बंद केलं तर हातपाय थरथरतात, फिट येऊ शकते, नसलेलं दिसायला लागतं, जीवही जाऊ शकतो. म्हणून सोडणं डॉक्टरांच्या नजरेखाली व्हावं. १४४४६ या नंबरवर फुकट सल्ला मिळतो. हा भाग सरकारला ठाऊक आहे. त्याच्या पुढचं कमी लोकांना ठाऊक असतं. वर्षानुवर्षं मेंदूला दारूतूनच आनंद घ्यायची सवय लागलेली असते. ती बंद झाल्यावर बरेच आठवडे, काहींना कित्येक महिने, कशातच चव लागत नाही. क्रिकेट बघा, गाणी ऐका, पुस्तक धरा, सगळं अळणी. झोपही धड लागत नाही. आणि नेमकं याच काळात आपण त्याला म्हणतो, छंद लावून घे. तो दोन दिवस हार्मोनियम दाबतो, कंटाळतो आणि समजतो की आपल्यातच काही नाही. ती चव पुन्हा येते, पण येईपर्यंत माणसाला कुठंतरी टिकून राहावं लागतं.

या मधल्या काळात काय होतं ते मी पाहिलं आहे. कुणी मोबाइलवर रमीला लागतो आणि दारूत गेले नसते इतके पैसे त्यात घालवतो. कुणाच्या गुटख्याच्या पुड्या दुप्पट होतात. तो राज्यात २०१२ पासून बंद आहे म्हणे, टपरीवाल्याला कोणी सांगितलेलं दिसत नाही.

जी माणसं टिकली त्यांच्यात मला एक गोष्ट सारखी दिसली. छंद कोणता होता याला फारसं महत्त्व नव्हतं. "काल का आला नाहीस?" असं विचारणारं कोणीतरी तिथं होतं. पखवाजवाल्या हमालाला सुरुवातीला पखवाजात गोडी नव्हती. मंडळात ठेका धरायला दुसरं कोणी नव्हतं, म्हणून त्याला रोज बोलावणं यायचं आणि तो जायचा. गोडी मागून आली.

आमच्यातल्या एका पेंटरची गोष्ट सांगतो. गाड्यांचे नंबर, दुकानांच्या पाट्या, भिंतीवरच्या जाहिराती, हा त्याचा धंदा. फ्लेक्स आला आणि वर्षा-दोन वर्षांत त्याचा ब्रश वाळला. दारू त्यानंतर वाढली. सोडल्यावर तो नुसता घरी बसून असायचा. आपल्या तालुक्यातली वालूरची चक्राकार बारव, म्हणजे पायऱ्यांची जुनी विहीर, गावकऱ्यांनी गाळ काढून मोकळी केली, ते आपण पाहिलंच असेल. गोल गोल उतरत जाणाऱ्या पायऱ्या आहेत. ते काम बघून आम्हीही रविवारी शेजारच्या गावातली एक लहान बारव साफ करायला लागलो. घमेली, टिकाव, झाडांची मुळं, साप दिसला की आरडाओरडा. पेंटरला कमरेमुळं गाळ उपसता येत नव्हता, म्हणून त्याला टेप देऊन काठावर बसवलं. त्यानं पायऱ्या मोजल्या, कोनाडे मोजले आणि वहीत नकाशा काढला. आता तो चारठाण्याच्या मंदिरांचे खांब काढतो, धारासूरच्या गुप्तेश्वराचं शिल्प काढतो. आम्हाला तासन्‌तास उन्हात उभं करतो आणि सावली सरकली म्हणून पुन्हा दुसऱ्या दिवशी बोलावतो. त्याचं चित्र बरं आहे की नाही, मला कळत नाही. बायको म्हणते, माणूस बरा आहे.

पण रविवार आठवड्यातून एकच येतो. बाकीच्या सहा संध्याकाळी राहतातच, आणि इथं आपला संबंध येतो.

महोदय, आपल्या जिल्ह्यात जागांची कमी नाही, कुलपांच्या किल्ल्यांची आहे. बहुतेक गावात समाजमंदिर आहे, ग्रामपंचायतीचं सभागृह आहे, कुठं आमदार निधीतली व्यायामशाळा आहे. कोनशिलेवर नावं सोनेरी अक्षरात आणि दाराला कुलूप. किल्ली कुणाकडं म्हणून विचारलं तर सरपंच म्हणतात ग्रामसेवकाकडं, ग्रामसेवक म्हणतात शिपायाकडं, आणि शिपाई शेतात. खुल्या व्यायामशाळेच्या यंत्रांवर वाळत घातलेल्या गोधड्या असतात. १९६७ च्या ग्रंथालय कायद्यानं उभी राहिलेली अ, ब, क, ड वर्गातली वाचनालयं आहेत. पण ड वर्गाच्या वाचनालयात जो एकटा माणूस तुटपुंज्या पैशात बसतो, त्यानं रात्री नऊपर्यंत थांबावं असं कुठल्या तोंडानं म्हणायचं?

अमेरिकेत इलिनॉय राज्यात हंट आणि अझ्रिन या दोघांनी १९७३ साली एक प्रयोग छापला. दारूत पार बुडालेली माणसं, दवाखान्यातून सुटणारी. त्यातल्या निम्म्यांना नेहमीचे उपचार दिले. उरलेल्यांना उपचारांसोबत काम शोधायला मदत केली, घरचे संबंध सावरून दिले आणि संध्याकाळी जायला एक क्लब दिला. हा क्लब एका जुन्या दारूच्या गुत्त्यातच केला होता. जागा तीच, दारू नाही. पुढच्या काळात नेहमीचे उपचार घेतलेल्यांचे ७९ टक्के दिवस पिण्यात गेले, दुसऱ्या गटाचे १४ टक्के. माणसं फार थोडी होती, सोळाच, तेव्हा यावरून डंका वाजवू नये. पण जगात जर्मनी, भारतात परभणी असं आपण म्हणतो, तर एवढं करून पाहायला काय हरकत आहे? आपल्याला गुत्ता विकत घ्यायचा नाही, सभागृहाचं कुलूप काढायचं आहे.

उपचारांची अवस्थाही नजरेखालून घाला. केंद्र सरकारसाठी एम्सनं केलेली पाहणी २०१९ साली आली. दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांमागे एकालाच कसले तरी उपचार मिळतात, असं त्यात आहे. उरलेल्या ३७ मधले काही जण कधी ना कधी स्वतःच्या हिमतीवर सोडून बघतात. त्यांच्यासाठी गावात काहीच नसतं. आणि पैसा नाही असं म्हणू नका. जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळानं दारूवरचं शुल्क वाढवलं, तेव्हा वर्षाला १४,००० कोटी जास्तीचे येतील असं सरकारनंच सांगितलं होतं. आमच्याच्यानं त्यातला वाटा आता भरला जात नाही, पण आजवर आम्ही पुष्कळ भरला आहे.

तेव्हा मागणं असं. जिल्हा नियोजन समितीत नावीन्यपूर्ण योजनांचं शीर्ष असतं. त्यातून प्रत्येक तालुक्यात सुरुवातीला दोन-तीन गावं धरा. असलेलीच जागा संध्याकाळी सहा ते नऊ उघडी ठेवा. एक माणूस मानधनावर नेमा, किल्ली त्याच्या नावावर लिहून द्या. वीजबिल भरा. कॅरम, बुद्धिबळ, ढोलकी, पखवाज, चार मासिकं आणि चहा. बाकी लोक करतील. येलदरीच्या पाण्यावर हिवाळ्यात पक्षी उतरतात, ते दाखवायला कोणी मास्तर निघेल. कुणी मोटार रिवाइंडिंग शिकवील. परभणीच्या कृषी विद्यापीठातल्या कोणी येऊन परसातल्या भाजीबद्दल दोन शब्द सांगितले तरी लोक बसतील.

दाराबाहेर 'व्यसनमुक्त व्यक्तींसाठी' अशी पाटी मात्र लावू नका. त्या पाटीखालून कोणी आत जाणार नाही, मीसुद्धा नाही. जागा सगळ्यांना उघडी असू द्या. कधीच न पिणारा, काल सोडलेला आणि अजून सोडायचं ठरवत असलेला, तिघंही कॅरमच्या एका बोर्डावर बसले पाहिजेत. उद्घाटनाला फीत, फ्लेक्स आणि भाषण ठेवलं तर पहिल्याच दिवशी माणसं बिचकतील, हेही आपल्या माणसांना सांगा.

या योजनेत दोन भोकं आहेत, ती मीच दाखवतो. शेतीच्या विजेची पाळी रात्रीची आली की आमचे निम्मे लोक सहा ते नऊ मोटारीपाशी असतात, आणि थंडीत एकट्यानं पाणी द्यायला जाणाऱ्याला बाटलीची आठवण जास्त येते. दिवसा वीज द्या म्हणून शेतकरी ओरडतात, त्यात हेही एक कारण मोजा. दुसरं म्हणजे, पिणाऱ्या बायाही आहेत आणि त्यातल्या काहींनी सोडलेलीही आहे. त्यांना पारावरसुद्धा जागा नसते. बाप्यांनी भरलेलं सभागृह त्यांच्या कामाचं नाही. दुपारची वेळ त्यांच्या नावानं वेगळी ठेवावी लागेल आणि ती कशी असावी हे त्यांनाच विचारावं लागेल.

आणखी एक बोलतो, राग मानू नका. वर्षातला सगळ्यात निसरडा काळ पोळ्याचा नसतो, धुळवडीचाही नसतो. तो प्रचाराचा पंधरवडा असतो. दारात गाडी येते, ढाब्याची चिठ्ठी मिळते आणि नाही म्हटलं तर माणूस समोरच्या पार्टीचा ठरतो. सगळ्या पक्षांची ही रीत आहे. निदान आपल्या कार्यकर्त्यांना तरी सांगा, की अमुक अमुक माणसानं सोडली आहे, त्याच्या दारात चिठ्ठी पाठवू नका. यादी हवी असेल तर आम्ही देणार नाही. गावात सगळ्यांना माहीत असतं.

नियोजन समितीच्या पुढच्या बैठकीआधी आपण परभणीत याल तेव्हा दहा मिनिटं द्यावीत. आम्ही पाच-सहा जण येऊ. आमच्या भागातल्या कोणत्या सभागृहाची किल्ली कुणाच्या घरात आहे, ते एका कागदावर लिहून आणतो.

आपला,
मोंढ्यातला एक मुनीम
ता. सेलू, जि. परभणी