साहित्य महोत्सवाला निघालेल्या लेकीस

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली महोत्सवाची कार्यक्रमपत्रिका अगदी शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. ‘आई, यातलं काय ऐकू आणि जाण्याआधी काय वाचू?’ असं तू विचारलंस, याचा मला किती आनंद झाला म्हणून सांगू! फोनवर चार नावं सांगून मोकळी झाले असते, पण हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे. तो चार नावांत संपवायचं मनात येईना, म्हणून हे पत्र.

एकाच वेळी तीन-तीन मंडपांत सत्रं आहेत. त्या सगळ्यांमागे धावू नकोस. एक लेखक निवड आणि जायच्या आधी त्याचं हाताला लागेल ते सगळं वाचून काढ. कथा, लेख, मुलाखती, अगदी सुरुवातीचं कच्चं लेखनसुद्धा. मग तो मंचावर बोलायला लागला की तो कुठे जपून बोलतोय, कुठे आपल्याच जुन्या पुस्तकातलं सांगतोय आणि कुठे त्याला तिथल्या तिथे काहीतरी नवं सुचतंय, हे तुझं तुलाच कळेल. न वाचता गेलेल्या माणसाला हे तिन्ही सारखंच ऐकू येतं. टाळ्या तोही वाजवतो, पण त्या बोलण्याच्या सफाईला असतात.

सध्या माझ्या उशाशी बानू मुश्ताक यांचं ‘हार्ट लॅम्प’ आहे. इंग्रजीत अनुवाद झालेल्या पुस्तकांना दिलं जाणारं आंतरराष्ट्रीय बुकर पारितोषिक २०२५मध्ये मिळालेलं हे पुस्तक. कन्नड पुस्तकाला हा मान पहिल्यांदाच मिळाला आणि कथासंग्रहालाही पहिल्यांदाच. १९९० ते २०२३ या काळात लिहिलेल्या बारा कथा आहेत. बानू मुश्ताक वकील आहेत, त्यांनी पत्रकारिता केली आहे आणि कर्नाटकातल्या बंडाय, म्हणजे अन्यायाविरुद्ध बंड करणाऱ्या, साहित्य चळवळीतून त्या पुढे आल्या. वकिलीचा मुद्दा मुद्दाम सांगते, कारण या कथांमधल्या बायका कागदोपत्री, नात्यागोत्यात आणि धर्माच्या नावाखाली नेमक्या कुठे अडकतात ते लेखिकेने जवळून पाहिलंय, हे पानोपानी जाणवतं.

शीर्षककथेतली मेहरून नवऱ्याचं दुसरीकडे मन गुंतल्यावर तान्हं मूल घेऊन माहेरी येते. तिला वाटतं, इथे तरी कोणी जवळ घेईल. भाऊ तिला परत सासरी नेऊन सोडतात. घराण्याच्या अब्रूपुढे तिचं दुःख कोणालाच मोठं वाटत नाही. रात्री ती रॉकेल ओतून घेते आणि तेव्हा तिची थोरली मुलगी, सलमा, धाकट्याला घेऊन धावत येते नि आईला घट्ट धरते. आम्हाला सोडून जाऊ नकोस, म्हणून विनवते. त्या पानावर मी पुस्तक मिटलं आणि बराच वेळ काही वाचू शकले नाही. मोठ्यांच्या सगळ्या शहाणपणाला जे जमलं नाही ते त्या पोरीने केलं. ही कथा तू वाचावीस असं मला मनापासून वाटतं, आणि वाचलीस की माझ्याशी बोलावंस असंही.

हे पुस्तक इंग्रजीत आणणाऱ्या दीपा भास्ती यांचं टिपण पुस्तकाच्या शेवटी आहे, ते सोडू नकोस. कन्नड, उर्दू, अरबी शब्द त्यांनी तिरप्या टायपात वेगळे काढले नाहीत, तळटीपाही दिल्या नाहीत. वाचकाने थोडं अडखळावं, पुढे जावं, संदर्भाने समजून घ्यावं, एवढा विश्वास त्यांनी आपल्यावर टाकलाय. आंतरराष्ट्रीय बुकरची रक्कम लेखक आणि अनुवादक यांच्यात निम्मी-निम्मी वाटली जाते, हे मला फार न्याय्य वाटतं. आपण तरी कन्नड कादंबरीकार भैरप्पांचं ‘पर्व’ कसं वाचलं? उमा कुलकर्णींच्या मराठीतून. तुझ्या पत्रिकेत दुपारच्या वेळी छोट्या दालनात अनुवादकांचं एक सत्र दिसतंय. त्याच वेळी मुख्य मंडपात कोणीतरी प्रसिद्ध नट आहे, म्हणजे अनुवादकांकडे गर्दी नसणार. तू त्यांच्याकडेच जा. मूळ लेखकापेक्षाही बारकाईने पुस्तक वाचलेलं कोणी असेल तर तो अनुवादक. वाक्य कुठून कसं वळतं हे त्याला हाताच्या रेषांसारखं पाठ असतं.

आता माझ्या आवडत्या लेखकांविषयी. यादी मोठी आहे, पण दोघांवरच थांबते.

पहिला रशियन कथाकार चेखव. त्याची १८८६ सालची एक कथा आहे, ‘दुःख’ या नावाने मराठीत सांगता येईल अशी. इयोना पोतापोव्ह नावाचा घसरगाडीवाला बर्फात गाडी उभी करून बसलाय. तो पांढरा झालाय, त्याची घोडीही पांढरी झालीय आणि दोघं हलतसुद्धा नाहीत. त्याच आठवड्यात त्याचा मुलगा गेलाय. येणाऱ्या प्रत्येक उतारूला तो हे सांगू पाहतो. एक लष्करी अधिकारी डोळे मिटून घेतो, तीन तरुण पोरं त्याची चेष्टा करतात. मुलगा आजारी कसा पडला, शेवटी काय म्हणाला, हे सगळं त्याला नीट, सावकाश सांगायचंय आणि ऐकायला माणूस नाही. शेवटी तबेल्यात गवत खाणाऱ्या घोडीला तो सगळं सांगतो. इतकीच गोष्ट. सहा-सात पानांत एवढं मावतं, यावर माझा अजून विश्वास बसत नाही.

चेखव डॉक्टर होता हे तुला ठाऊक आहे. १८९०मध्ये तो सखालीन बेटावर गेला. तिथे झारने काळ्या पाण्यावर पाठवलेले कैदी राहत. त्याने तिथल्या लोकांची गणना केली, प्रत्येकाचं एक कार्ड, अशी जवळजवळ दहा हजार कार्डं भरली. घरोघर जाऊन नाव, वय, कुठून आलास, असं विचारत. इयोनाचं कोणी ऐकलं नाही, पण ती कथा लिहिणाऱ्या माणसाने हजारोंचं ऐकून घेतलं. म्हणून म्हणते, लेखकाची एकच गाजलेली कथा वाचून थांबू नये. त्याचं आयुष्य आणि त्याचं दुसरं लेखन शेजारी ठेवलं की पहिली कथा आणखी खोल जाते.

दुसऱ्या दुर्गाबाई भागवत. १९५६चं ‘ऋतुचक्र’ तू शाळेत असताना मी तुला मोठ्याने वाचून दाखवायचे, त्यातला चैत्र तुला अजून आठवत असेल. त्यानंतरचं ‘व्यासपर्व’ मात्र तुझं राहून गेलंय. महाभारतातल्या एकेका व्यक्तीसमोर त्या बसतात. द्रोण, एकलव्य, अश्वत्थामा, कर्ण, द्रौपदी. कोणाच्याही मोठेपणाला दबून जात नाहीत आणि कोणाला उगाच खालीही ओढत नाहीत. लोकसाहित्याचा इतका अभ्यास असलेली, अमेरिकन लेखक थोरोचं ‘वॉल्डन’ मराठीत आणणारी ही बाई, पण विद्वत्तेचं ओझं वाचकाच्या डोक्यावर देत नाही.

आणि आता मूळ मुद्द्याकडे येते. १९७५ साली कऱ्हाडला साहित्य संमेलन भरलं. देशात आणीबाणी होती. दुर्गाबाई अध्यक्ष होत्या आणि स्वागताध्यक्ष होते यशवंतराव चव्हाण, केंद्रातले मंत्री. त्या व्यासपीठावरून दुर्गाबाईंनी लेखनस्वातंत्र्यावर आलेल्या बंधनांचा निषेध केला आणि आजारी असलेल्या जयप्रकाश नारायणांसाठी प्रार्थना करायला लावली. पुढे त्यांना तुरुंगातही जावं लागलं. ज्याने फक्त ते भाषण ऐकलं त्याला तो अचानक आलेला आवेश वाटला असेल. ज्याने ‘व्यासपर्व’ आधी वाचलं होतं, त्याला ही बाई कोणापुढे वाकणारी नाही हे आधीच माहीत होतं, असं मला वाटतं. मंचावरचं ते धैर्य पुस्तकात कधीचंच छापून आलेलं होतं.

संमेलनांविषयी बोलतेच आहे तर अजून एक. मंचावर कोण आहे हे बघशीलच, पण कोण नाही हेही बघ. न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने १८७८मध्ये पुण्यात ग्रंथकारांचं पहिलं संमेलन भरलं. १८८५च्या दुसऱ्या सभेचं निमंत्रण जोतीराव फुल्यांना गेलं, तेव्हा त्यांनी पत्र लिहून नकार कळवला. जे लोक सगळ्या माणसांना माणसाचे हक्क मोकळ्या मनाने देत नाहीत, त्यांच्या सभांशी आणि पुस्तकांशी आमचा मेळ बसणार नाही, असा त्या पत्राचा आशय. त्या सभेत कोण काय बोललं हे आज फारसं कोणाला सांगता येणार नाही, पण न गेलेल्या माणसाचं पत्र आजही वाचलं जातं. मराठी साहित्यसोहळ्यांचा इतिहास म्हणून कोणी विचारलं तर मी या पत्रापासूनच सुरुवात करेन. तेव्हा पत्रिकेत कोणत्या भागातले, कोणत्या समाजातले, कोणत्या बोलीत लिहिणारे लेखक आहेत, ते जरा बारकाईने पाहा. ज्यांची नावं नाहीत त्यांची पुस्तकं दालनांत सापडतात का, तेही शोध.

काही साध्या गोष्टी. लेखक स्वतः वाचून दाखवणार असेल ते सत्र चुकवू नकोस. इंग्रज कादंबरीकार डिकन्सने १८५८पासून आपल्याच कादंबऱ्यांतल्या प्रसंगांचे तिकीट लावून प्रयोग केले. त्यासाठी वेगळ्या प्रती तयार केल्या होत्या, समासात कुठे आवाज चढवायचा, कुठे थांबायचं याच्या खुणा केलेल्या. तब्येत ढासळत असतानाही तो वाचत राहिला. मार्च १८७०मध्ये लंडनला शेवटचं वाचन झालं आणि जूनमध्ये तो गेला. लेखक कुठे श्वास घेतो हे एकदा ऐकलं की पुढे त्याचं लेखन आपण त्याच लयीत वाचतो. कवींच्या बाबतीत तर हे फारच खरं आहे.

प्रश्न विचारायची संधी मिळाली तर जरूर विचार, पण एकच आणि पुस्तकातल्या एखाद्या जागेविषयी. ‘तुम्हाला लिहायची प्रेरणा कुठून मिळते’ याला सगळे लेखक ठरलेलं उत्तर देतात. ‘अमुक कथेत ती मुलगी दार उघडत नाही, ते का?’ असं विचारलंस तर तो क्षणभर थांबेल. सही घ्यायची असेल तर वाचलेल्या, खुणा केलेल्या प्रतीवर घे. नवी कोरी प्रत पुढे करण्यापेक्षा लेखकाला त्याचाच आनंद जास्त होतो, हे मी प्रत्यक्ष पाहिलंय.

‘हार्ट लॅम्प’च्या शेवटच्या दोन कथा माझ्या राहिल्यात. त्या झाल्या की पुस्तक तुझ्याकडे पाठवते, सोबत ‘व्यासपर्व’ही. माझ्या पेन्सिलीच्या खुणा आहेत, त्या पुसू नकोस, शेजारी तुझ्या कर. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कवितावाचन आहे, त्यातल्या कवींची पूर्ण नावं मला कळव. ज्यांचे संग्रह घरात असतील तेही याच पुडक्यात घालते. आणि तू कोणता लेखक निवडलास ते आधी सांग, म्हणजे मलाही इकडे त्याचं वाचायला घेता येईल.

तुझी,
आई