एकतिसावी चाल

सांगली,
रविवार, रात्री

प्रिय चिऊ,
अनेक आशीर्वाद.

तुझी पिशवी दादाने काल आणून दिली. एसटीत तिच्यावर कुणीतरी कांद्याचं पोतं टेकवलं असावं, वास अजून गेलेला नाही. आत गुंडाळीचा पट, मोहऱ्यांची थैली, घड्याळ आणि रद्दीवाल्याने आनंदाने उचलला असता एवढा स्कोअरशीटचा, म्हणजे डावाच्या चाली लिहिलेल्या कागदांचा, गठ्ठा. वर तुझी चिठ्ठी : ‘आई, हे कुणा लहान मुलाला देऊन टाक. नुसता खेळ होता, संपला.’

‘संपला’ला माझी काही हरकत नाही. अकरा वर्षं खेळलीस, आता इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष डोक्यावर आहे, सोडावंसं वाटलं तर सोड. मी अडले ती ‘नुसता’पाशी. कारण हा शब्द तू रागाने लिहिला आहेस आणि तो राग पटावरचा नाही, आमच्यावरचा आहे. माझ्यावरचा म्हण.

आपल्या घरात बुद्धिबळ नुसता खेळ होता तो फक्त आजोबांच्या वेळी. ते देशी पद्धतीने खेळायचे. प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर सरकणार, राजा-हत्तीचा किल्लेकोट नाहीच, त्याऐवजी शह बसायच्या आधी राजाला एकदाच घोड्याची अडीच घरांची उडी. क्लासला जायला लागल्यावर तू त्यांच्याशी किती भांडायचीस! “आजोबा, राजा असा उडत नाही, चीटिंग आहे.” ते म्हणायचे, “आमचा उडतो.” शेजारच्या काकांबरोबर ओसरीवर त्यांचा डाव बसला की चहा गार व्हायचा, आजी आतून भांडी आपटायची आणि एकदा तर दूध उतू जाऊन शेगडी विझली तरी हे दोघे तिथेच. आजी त्याला ‘नाद’ म्हणायची. पण या नादाचा उपयोग काय, असं तिनेही कधी विचारलं नाही. डाव मोडला की मोहरे डब्यात, डबा कोनाड्यात.

उपयोग शोधायला लागलो ते आम्ही. त्यातून हे सांगली. इथे भाऊसाहेब पडसलगीकरांचं नाव घेतलं की अजून लोक मान लववतात. त्यांचं नूतन बुद्धिबळ मंडळ १९४१ पासूनचं. बुद्धिबळपटू भाग्यश्री साठे, म्हणजे पुढच्या ठिपसे, याच गावच्या. गावाला बुद्धिबळाची पंढरी म्हणायची पद्धत आहे. अशा गावात आठ वर्षांच्या मुलीने बारा वर्षांच्या मुलाला हरवलं की शेजारी गप्प बसत नाहीत. तुझे बाबा म्हणाले, बुद्धी वाढेल, गणित सुधारेल. (इंग्लंडात शंभर शाळांमध्ये वर्गात बुद्धिबळ शिकवून हेच तपासलं होतं. २०१६ साली निकाल आला, गणितात फरक पडला नव्हता. मी हे बाबांना वाचून दाखवलं तर म्हणाले, त्या पोरांना आवड नसेल.)

मग रेटिंग आलं, म्हणजे खेळाडूची ताकद सांगणारा आकडा. त्याआधी मी बरी आई होते असं मला वाटतं.

अर्पाड इलो हे अमेरिकेतले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. त्यांचं रेटिंगचं गणित जागतिक बुद्धिबळ संघटनेने १९७० साली स्वीकारलं. मी बँकेतली बाई, मला ते आठवड्यात पाठ झालं. अठराच्या आतल्या मुलांना गुणक ४०. बरोबरीच्या रेटिंगवाल्याकडून हरलं तर २० गुण गेले. दोनशेने कमी असलेल्याकडून हरलं तर ३० च्या वर. चारशेने जास्त असलेल्याला हरवलं तर साधारण ३७ आले. हॉलच्या बाहेर सतरंजीवर आम्ही सगळ्या आया डबे घेऊन बसलेल्या असायचो. दार उघडून तू बाहेर आलीस की मी आधी मनात ४० ने गुणायची आणि मग तुझ्याकडे बघायची. तुला ते कळत होतं हे मला फार उशिरा कळलं. तू दारातूनच आकडा सांगायला लागली होतीस : “आई, वजा एकोणीस.” डाव कसा झाला ते मी विचारलंच नाही.

आणि १ मार्च २०२४ आठवतो? संघटनेने रेटिंगचा तळ १००० वरून १४०० वर नेला आणि दोन हजारच्या खालच्या सगळ्यांना एका सूत्राने वाढ दिली. तू १३५० वर होतीस, एकही डाव न खेळता १६१० झालीस. मी पेढे आणायला चप्पल घातली. तू म्हणालीस, “अगं, सगळ्यांचेच वाढलेत.” चप्पल काढताना मला हसू आलं होतं. आता तेवढं येत नाही.

इंजिनचंही, म्हणजे चाली तपासणाऱ्या प्रोग्रॅमचंही, तसंच. जगज्जेता कास्पारोव्ह १९९७ साली डीप ब्लू या संगणकाकडून हरला तेव्हा ती जगभराची बातमी होती. आज तुझ्या फोनमधलं फुकटचं इंजिन कुठल्याही जगज्जेत्याला भारी आहे. त्या इंजिनच्या जोरावर दोन चालीत मात न दिसणारी मी तुला रिक्षात विचारायची, “बाविसाव्या चालीला घोडा मारायचा होता, दिसलं कसं नाही तुला?” तू खिडकीबाहेर बघायचीस. त्याचं उत्तर आत्ता सुचलं का तुला? सुचलं असेल तर लिही, ऐकून घेईन.

पण तुला खरं सांगायचंय ते कोल्हापूरचं. तू आठ वर्षांची, तुझी दुसरीच स्पर्धा. शेवटचा डाव हरलीस, आणि परतीच्या एसटीत शेंगा खाता खाता मला सांगितलंस की तू जिंकत होतीस. हत्तीला हात लावलास आणि त्याच क्षणी दिसलं की उंट हलवायला हवा होता. पण हात लावला म्हणून, नियमाप्रमाणे, हत्तीच हलवलास.

मी विचारलं, “समोरचा मुलगा काही म्हणाला?”

“नाही, तो पंख्याकडे बघत होता.”

“आणि पंच?”

“ते लांब होते.”

“मग कुणीच पाहिलं नव्हतं, तर...”

एवढंच मी बोलले, वाक्य पुरंही केलं नाही. तू शेंग तोंडात तशीच धरून माझ्याकडे बघितलंस. “पण मी लावला होता ना हात.” त्यानंतर जयसिंगपूर येईपर्यंत आपण दोघी गप्प होतो. तू बहुतेक झोपलीस. मी चाळीस वर्षांची बाई, रोज दुसऱ्यांच्या नोटा मोजून पै न् पै जुळवणारी, आणि पोरीला काय शिकवायला निघाले होते! घरी हे मी कुणालाच सांगितलं नाही. आज पहिल्यांदा लिहितेय.

तेव्हा फोनवर तू म्हणालीस ना, “मला वेड लागलं होतं, बरं झालं वेळेत सुटले,” ते मला मान्य नाही. नाद तुला नव्हता, मला होता. तू रात्री दहाला पट गुंडाळून झोपायचीस. बारा वाजता पुढच्या फेरीची जोडी लागली का बघत मी जागी असायचे.

वेडाचं म्हणशील तर खरं वेड कसं असतं ते अमेरिकेच्या बॉबी फिशरचं. १९७२ ला रेक्याविकमध्ये स्पास्कीला हरवून जगज्जेता झाला, १९७५ ला खेळायलाच बसला नाही, विजेतेपद हातचं सोडलं. पुढे १९९२ ला त्याच स्पास्कीशी युगोस्लाव्हियात खेळला, त्यापायी स्वतःच्या देशाला कायमचा मुकला आणि २००८ ला रेक्याविकलाच गेला, ६४ व्या वर्षी. पटावरच्या घरांइतकं वय म्हणून लोक हे कौतुकाने सांगतात. मला त्यात कौतुक दिसत नाही.

त्या काळात संघटनेचे अध्यक्ष होते मॅक्स यूवे. फिशरचे सगळे हट्ट यांच्या टेबलावर यायचे. हे गृहस्थ मला फिशरपेक्षा फार आवडतात, तुला त्यांच्याबद्दल कधी सांगितलं नाही. ॲम्स्टरडॅमला मुलींच्या शाळेत गणित शिकवायचे. १९३५ ला अलेखाइनला हरवून जगज्जेते झाले, १९३७ ला त्यालाच हरले, आणि या सगळ्यात शाळेची नोकरी चालू. वर्गातल्या मुली काय म्हणत असतील? “आज सर उशिरा तपासणार वह्या, जगज्जेतेपदाचा डाव आहे.”

याच यूवेंचा आपल्याकडच्या एका मुलीशी संबंध आला. १९७६ साली १३ वर्षांची रोहिणी खाडिलकर पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळली आणि गहजब झाला. प्रकरण हायकोर्टापर्यंत गेलं, आणि यूवेंनी निर्णय दिला की बाईला कुठल्याही राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय स्पर्धेत अडवता येणार नाही. तू मुलांच्या शेजारी निवांत बसून खेळलीस त्यामागे ती तेरा वर्षांची मुलगी आहे. वासंती, जयश्री, रोहिणी या तिघी बहिणींनी १९७४ पासून दहा वर्षं महिलांचं राष्ट्रीय विजेतेपद घराबाहेर जाऊ दिलं नाही. १९८१ ला रोहिणी आशियाई विजेती झाली. आणि मग? खेळ सोडला. छपाईचं शिक्षण घेतलं, वर्तमानपत्राची संपादक झाली. जयश्रीताईही संपादकच. त्यांनी त्यांचे पट कुणाला देऊन टाकले की नाही, मला माहीत नाही.

२८ जुलै २०२५ ला, त्या सोमवारी, तू हॉस्टेलवरून मला फोन करून ओरडलीस : “आई, दिव्या!” दिव्या देशमुख, नागपूरची १९ वर्षांची पोर, जॉर्जियात बाटुमीला गेली तेव्हा ग्रँडमास्टरपदासाठी लागणारा एकही नॉर्म (पात्रतेची कामगिरी) हातात नव्हता, आणि कोनेरू हंपीला जलद डावात हरवून महिलांचा विश्वचषक घेऊन थेट देशाची ८८ वी ग्रँडमास्टर झाली. ती आईच्या गळ्यात पडून रडली तो व्हिडिओ तू मला पाठवलास. तू दिव्याकडे बघत असशील. मी तिच्या आईचा हात बघत होते, पाठीवरून फिरणारा. मला हेवा वाटला, हे कबूल करते. कपाचा नाही. ती बाई काही बोलत नव्हती, त्याचा.

आता राहिलं तत्त्वज्ञान. तो बक्षीस समारंभ आठव, पाहुणे दीड तास उशिरा आले आणि माइक हातात घेऊन म्हणाले, “जीवन हा बुद्धिबळाचा पट आहे.” तू माझ्या कानात म्हणालीस, “मग यांच्या घड्याळाचा झेंडा कधीच पडलाय, वेळ संपलाय.” मी तुला चिमटा काढला, पण तू बरोबर होतीस. पटावर सगळं उघडं असतं, दोघांकडे सोळा-सोळा मोहरे, आणि एकाने चाल केली की दुसऱ्याची पाळी. ज्या वर्षी बाबांची बदली गडचिरोलीला झाली त्याच वर्षी आजोबांना अर्धांग झालं आणि त्याच वर्षी माझी बँक बुडायला आली. मधे मला एकही चाल मिळाली नाही. आयुष्यात मी पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळतेय की काळ्या, हेही मला अजून नीट कळलेलं नाही. तुलनाच करायची तर रमी बरी. वर्तमानपत्रांनी ‘शह-काटशह’ आणि ‘प्यादं’ हे शब्द पुढाऱ्यांसाठी वापरून वापरून आधीच विटवलेत, त्यात आपण भर नको घालायला.

मग ते होतं काय, असं तू विचारशील. मला सांगता येत नाही. एकदा पुण्यात हॉलच्या दाराच्या काचेतून मी तुला पाहिलं होतं. दोन्ही हात कानांवर, नजर पटावर. तो चेहरा माझ्या ओळखीचा नव्हता. जेवताना, अभ्यास करताना, माझ्याशी भांडताना, कधीच मी तो पाहिला नव्हता. तीन-चार मिनिटं असेन तिथे, मग पंचांनी हाताने लांब व्हायला सांगितलं.

वस्तू कुणाला दिलेल्या नाहीत. यात तुला परत ओढायचा डाव नाही, खरंच नाही. घड्याळ हवं तर खालच्या मजल्यावरच्या मुलाला देते, तो मागतोच आहे. पण गठ्ठा माझ्याजवळ राहू दे. काल रात्री पट आजोबांच्या ओसरीवर पसरला आणि पहिल्यापासून एकेक डाव कागदावरून लावायला घेतला. इंजिन नाही, फोन आत. दोन डाव संपायला दीड वाजला. बाबा दोनदा येऊन बघून गेले. त्यांना वाटलं मला काहीतरी झालंय.

तिसऱ्या डावात अडलेय. नाशिकचा, कार्बनची पिवळी प्रत. वेळ पाच मिनिटांच्या खाली आली असणार, कारण एकतिसाव्या चालीनंतर तू लिहिणंच थांबवलंयस, खाली नुसतं अर्धा-अर्धा. ती चाल काळ्याच्या हत्तीसमोरच्या घरात गेली एवढं वाचता येतं. पण मोहरा सांगणारं पहिलं अक्षर तू असं काही ओढलंयस की घोडा गेला की उंट, लागत नाही. दोन्ही जाऊ शकतात, मी तपासलं. घोडा गेला असेल तर तुझं प्यादं पडतं; उंट गेला असेल तर तू बरोबरी का घेतलीस ते मला कळत नाही, मला तरी तू वरचढ दिसतेयस.

पट तसाच मांडून ठेवलाय, वर परात पालथी घातली आहे मांजरामुळे. आठवलं तर कळव.

तुझी
आई