टपाली मत बाद झालं, हे मतदाराला कोण सांगणार?

मा. मुख्य निवडणूक आयुक्त,
भारत निवडणूक आयोग, नवी दिल्ली

महोदय,

४ जून २०२४ रोजी मुंबई उत्तर-पश्चिम लोकसभा मतदारसंघातून रवींद्र वायकर ४८ मतांनी निवडून आले. यंत्रांवरच्या मोजणीत त्यांचे प्रतिस्पर्धी अमोल कीर्तिकर एका मताने पुढे होते. निकाल फिरला तो टपाली मतांवर. त्या टपाली मतांतली १११ बाद झाली होती. फरक त्याहून कमी, म्हणून बाद मतांची फेरतपासणीही झाली. पुढे मुंबई उच्च न्यायालयाने या निवडीला आव्हान देणारी कीर्तिकरांची याचिका फेटाळली. त्या निकालाबद्दल मला काही म्हणायचं नाही. मला विचारायचंय ते त्या १११ जणांबद्दल. आपलं मत मोजलंच गेलं नाही, हे त्यांना कधी कळणार?

मी जिल्हा परिषद शाळेतला शिक्षक. निवडणूक लागली की ड्युटीची पहिली ऑर्डर आमच्या नावाची निघते, म्हणून आमचं मतही टपालीच. दुसऱ्या प्रशिक्षणाच्या दिवशी, हे मत जिथे द्यायचं त्या सुविधा केंद्रापुढे जी रांग लागते, ती आपण एकदा येऊन पाहाच. मतपत्रिकेवर खूण करायची, ती लहान पाकिटात घालून चिकटवायची, आम्ही ज्याला ‘तेरा-ए’ म्हणतो त्या घोषणापत्रावर मतपत्रिकेचा क्रमांक लिहायचा, सही करायची, राजपत्रित अधिकाऱ्याची साक्षांकनाची सही घ्यायची आणि सगळं मोठ्या पाकिटात. हे सगळं उभ्या उभ्या, मागचा माणूस ‘आटपा गुरुजी’ म्हणत असताना.

मतमोजणीला सकाळी आठ वाजता मोठं पाकीट उघडतं. आधी घोषणापत्र बघतात. सही राहिलेली, साक्षांकन नसलेलं किंवा क्रमांक लहान पाकिटावरच्या क्रमांकाशी न जुळणारा असेल, तर लहान पाकीट उघडतच नाहीत. आत खूण अगदी बिनचूक असली तरी तो गठ्ठा बाजूला. पंच्याऐंशी वर्षांवरच्या आजी-आजोबांची घरून घेतलेली मतंही अशाच पाकिटांतून येतात.

बाद झाल्याचं मतदाराला न कळवण्यामागे गोपनीयतेचं कारण कुणी दिलं, तर ते इथे लागू होत नाही. लहान पाकीट उघडल्यावर दोन नावांपुढे खूण सापडली, तर ते मत कुणाचं हे कुणालाच कळू नये, बरोबर. पण घोषणापत्रावर बाद झालेल्या मताचं पाकीट बंदच असतं आणि घोषणापत्रावर मतदाराचं नाव असतं. त्याला ‘तुमचं मत सही नसल्यामुळे बाद झालं’ एवढं कळवलं, तर कुठलं गुपित फुटतं? विजेचं बिल थकलं तरी मोबाईलवर निरोप येतो.

अर्थात निकालानंतर कळून ते मत परत येणार नाही, पुढच्या वेळी फार तर सही राहणार नाही. म्हणून खरी दुरुस्ती सुविधा केंद्रातच व्हायला हवी. मोठं पाकीट चिकटवण्याआधी टेबलावरच्या कर्मचाऱ्याने फक्त घोषणापत्र तपासावं: दोन्ही सह्या आणि क्रमांक. लहान पाकीट तोवर बंद झालेलं असतं, त्यामुळे मत कुणाला दिलं हे त्यालाही दिसणार नाही. एक जास्तीचं टेबल आणि एक माणूस पुरे. माणूस आमच्यातलाच द्या, नाहीतरी ऑर्डर येणारच आहे.

शिवाय प्रत्येक मतदारसंघात किती टपाली मतं कोणत्या कारणाने बाद झाली, याचा तक्ता निकालासोबत लावावा. नुसता ‘बाद’ हा एक आकडा पाहून चूक मतदाराची, साक्षांकनाची की केंद्रातल्या घाईची, हे समजत नाही.

पुढच्या निवडणुकीच्या प्रशिक्षणाचं वेळापत्रक निघण्यापूर्वी एवढ्या सूचना जिल्हा निवडणूक अधिकाऱ्यांपर्यंत पोचाव्यात, ही विनंती.

आपला,
एक प्राथमिक शिक्षक व मतदान अधिकारी