भेटी बंद करणार नाही

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

काल बाबा फोनवर म्हणाले, "तो येतच नाही ना, मग भेटीच बंद करून टाक." चिनू शेजारीच होती, म्हणून तेव्हा बोलले नाही.

बाबा, चिनू आणि तिच्या वडिलांच्या भेटींचा आदेश कोर्टाचा आहे. तो आला नाही तरी ठरल्या वेळी चिनूला तयार ठेवणं माझ्याकडे आहे. मीच दार लावलं तर आदेश मोडल्याचा ठपका माझ्यावर येईल. पोटगीचंही तसंच. ती थकली म्हणून भेट अडवायची नाही, आणि भेटीला आला नाही म्हणून त्याची पोटगी सुटत नाही.

मुळात ही भेट म्हणजे त्याला दिलेली सवलत नाहीच. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातलं कलम ९ सांगतं, की आई-वडिलांपैकी एकापासून किंवा दोघांपासून वेगळं राहणाऱ्या मुलाला दोघांनाही नियमित भेटण्याचा हक्क आहे; त्याच्या हिताला बाधा येत असेल तरच अपवाद. हक्क चिनूचा आहे. त्याच्यावरच्या रागापायी तो मी कसा काढून घेऊ?

गेल्या वेळी ती बूट घालून सोफ्याच्या कडेला बसली होती. लिफ्टचा आवाज आला की उठायची. तासाभराने "जमणार नाही" एवढाच मेसेज आला. मला विचारते, "मागच्या वेळी मी लवकर घरी जायचं म्हटलं, म्हणून का गं?" तो आला नाही, त्यापेक्षा तिने ते स्वतःवर घेतलं हे मला फार लागलं.

चुकलेल्या प्रत्येक भेटीची तारीख, वेळ आणि मेसेज मी लिहून ठेवते. त्यात माझे शेरे नसतात. आदेशात बदल मागणारा अर्ज तयार होतोय: येणार की नाही ते आदल्या दिवशी कळवायचं, चुकलेली भेट भरून द्यायची, नाहीच जमलं तर त्याच वेळी व्हिडिओ कॉल. भेटी कमी झाल्या तरी चालतील, पण ठरलेली चुकायला नको. मनात नसलेल्या बापाला कोर्टही ओढून आणत नाही, हे मी धरून चालले आहे.

तुमच्याकडे एकच मागणं आहे. तिच्यासमोर त्याला नावं ठेवू नका. आणि आई, "काम निघालं असेल" असंही सांगू नकोस, ती पुन्हा वाट बघत बसते. "बाबा आज आला नाही, त्यात तुझी काही चूक नाही," एवढंच सांगा.

सुनावणीची तारीख पडली की कळवते. त्या दिवशी चिनूला तुमच्याकडे ठेवेन.

तुमची लेक