पालकांशी बोलणे हेही बालशिक्षिकेचे कामच

माननीय संपादक,

ऑक्टोबरच्या छाटणीला सुरुवात झाली की पेठ, सुरगाणा आणि त्र्यंबकेश्वर तालुक्यांतील अनेक कुटुंबे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत कामाला येतात आणि काढणी संपेपर्यंत तेथेच राहतात. त्यांच्याबरोबर तीन-चार वर्षांची मुलेही येतात. मी दिंडोरी तालुक्यातील एका प्राथमिक शाळेत बरीच वर्षे पहिलीचा वर्ग शिकवला. शाळेच्या आवारातच अंगणवाडी भरत असल्याने तेथील सेविकाताईंचे काम रोज पाहता आले आणि त्या अनुभवावरूनच हे पत्र लिहीत आहे.

एका हंगामात बागेवरच्या शेडमध्ये राहणाऱ्या कुटुंबातला चार वर्षांचा मुलगा अंगणवाडीत येऊ लागला. तो दिवसभर दाराशी बसून रडत असे. खाऊ दिला तरी हात लावत नसे. चौथ्या दिवशी संध्याकाळी ताई त्या शेडवर गेल्या आणि आई भाकरी थापत होती तिथेच चुलीपाशी बसल्या. मुलाला गावाकडे आजीने वाढवले आहे आणि त्याला कोकणा बोलीखेरीज काही कळत नाही, हे तेव्हा समजले. पाणी हवे, भूक लागली, शू लागली हे तो कोणत्या शब्दांत सांगतो, ते ताईंनी आईकडून विचारून घेतले आणि दुसऱ्या दिवशी तेच शब्द त्याच्याशी बोलल्या. आठवड्याभरात मुलगा दारापासून उठून आत येऊन बसला. पुढे आईने गावाकडून आलेली मूठभर नागली आणि वरई ताईंना दिली. दाणे वेगळे करण्याच्या खेळात ती ठेवल्यावर सर्वांच्या आधी नावे सांगणारा हाच मुलगा होता.

ही भेट झाली संध्याकाळी सहानंतर, ताईंच्या स्वतःच्या वेळात. गृहभेट हे सेविकेच्या नेमून दिलेल्या कामांपैकीच आहे, पण मोबाइलवरील पोषण ट्रॅकरमध्ये हजेरी, वजन, उंची आणि आहारवाटप भरता भरता दुपार सरते. या नोंदींचे महत्त्व मी कमी लेखत नाही. कुपोषित मूल वेळेवर लक्षात येते ते त्यांच्यामुळेच. परंतु आईशी झालेल्या अर्ध्या तासाच्या बोलण्याने मुलाच्या शिकण्यात काय फरक पडला, हे कोणी विचारत नाही आणि जे विचारले जात नाही ते कामाच्या रेट्यात मागे पडते.

वास्तविक अंगणवाडीची कल्पनाच घरापर्यंत जाण्याची आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि पुढे ते कोसबाडला नेले. आदिवासी मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत, असे दिसल्यावर त्यांनी मुलांना किंवा पालकांना दोष दिला नाही, तर बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेमुळे अंगणवाडी देशभर पोहोचली. सेविका स्थानिक रहिवासी असावी, या अटीमागेही हाच विचार आहे. त्याचा लाभ मोठा आहे, कारण कोणाच्या घरी आजारपण आहे आणि कोणाची आई माहेरी गेली आहे हे तिला न विचारता ठाऊक असते. अडचणही तितकीच खरी आहे. गावचीच सून असल्यामुळे घरातील दारू किंवा मारहाण यांविषयी ती उघडपणे विचारू शकत नाही. तेथे पर्यवेक्षिकेने तिच्याबरोबर जायला हवे.

पालकसभांच्या वेळेचा प्रश्न तर अगदी साधा आहे. सकाळी अकराला सभा ठेवली, तर बागेत किंवा सातपूर-अंबडच्या कारखान्यात कामाला गेलेली आई रोजंदारी बुडवून कशी येणार? ती आली नाही की पालकांना आस्था नाही, असा शेरा मारला जातो, तो मला अन्यायाचा वाटतो. खेड्यात आठवडे बाजाराच्या दिवशी मजुरांना बहुधा सुट्टी असते. त्या दिवशी सभा घेतल्यावर आजी-आजोबांसह माणसे आलेली मी स्वतः पाहिली आहेत.

शहरातील खासगी बालवर्गांत अडचण निराळ्या प्रकारची आहे. माझी नात ज्या बालवर्गात जात होती, तेथे पालकांनी फाटकाबाहेरच थांबायचे आणि शिक्षिकेशी फक्त ठरलेल्या दिवशी बोलायचे, असा नियम होता. घरी धाकटा भाऊ जन्मल्यानंतर ती वर्गात गप्प राहू लागली. डायरीत तीन आठवडे ‘लक्ष देत नाही’ एवढीच नोंद येत राहिली. त्या शिक्षिकेला मी दोष देत नाही. पस्तीस मुले एकटीने सांभाळणाऱ्या बाईला घरची बातमी कळण्याची सोयच तेथे नव्हती. अखेर फाटकापाशी योगायोगाने भेट झाली, पाच मिनिटे बोलणे झाले आणि दुसऱ्या दिवसापासून बाईंनी तिला बाळाविषयी सांगायला लावले.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने तीन ते आठ हा वयोगट पायाभूत टप्पा मानला आहे. त्यामुळे अंगणवाडी, बालवर्ग आणि पहिली-दुसरी यांचा विचार एकत्र होऊ लागला, ही आनंदाची गोष्ट आहे. या निमित्ताने नाशिक जिल्हा परिषदेच्या महिला व बालकल्याण विभागाला माझी विनंती आहे की, सेविकेच्या आठवड्यातील किमान एक दुपार केवळ घरभेटींसाठी मोकळी ठेवावी आणि त्या दुपारी तिच्यावर दुसरे कोणतेही काम सोपवू नये. द्राक्षपट्ट्यातील ग्रामपंचायतींनी हंगामाच्या सुरुवातीलाच बागायतदारांकडून शेडवरील लहान मुलांची माहिती घेऊन ती सेविकेकडे द्यावी. खासगी बालवर्गांच्या चालकांनीही मुलांना सोडण्याच्या वेळी शिक्षिकेला दहा मिनिटे फाटकापाशी उभे राहू द्यावे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका, नाशिक