वलगणीचे मासे बंधाऱ्यापुढे जातात का, हे एकदा मोजा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मृगाच्या सरी कोसळल्या की कल्याण, बदलापूर, मुरबाडकडच्या वलगणीच्या, म्हणजे पहिल्या पावसात प्रवाहाविरुद्ध चढणाऱ्या, माशांची छायाचित्रे वृत्तपत्रांत झळकू लागतात. कुणाच्या हातात पाग (फेकायचे जाळे), कुणाकडे टोपली, कुणी घरातली मच्छरदाणीच उचलून आणलेली. त्या छायाचित्रांत मागे पुष्कळदा एक बंधारा दिसतो. हे पत्र त्या बंधाऱ्याविषयी आहे.

अंडी घालायला नदी चढून ओढ्यांत, भातखाचरांत शिरणारे मासे तिथे येऊन अडतात. गाभोळीने पोट टच्च भरलेली शिंगटी काँक्रीटच्या उतारावर अंग झोकून देते, पाण्याच्या पातळ थरात क्षणभर वळवळते आणि पुन्हा खालच्या डोहात पडते. माणसे पाग टाकतात ती याच डोहात. पकडणाऱ्याला दोष देऊन काही होणार नाही. मासे तिथे गोळा होतात ते वाट बंद झाल्यामुळे.

आपण ठाणेकर हे पाणी रोज पितो. भातसेचे पाणी पिसे बंधाऱ्यावरून, उल्हास नदीचे शहाडहून. आपटीला आणि मोहन्यालाही बंधारे आहेत, वर बारवी आणि भातसा ही धरणे. उल्हास उन्हाळ्यात वाहती राहते, त्यात भिवपुरीच्या वीजकेंद्रातून सुटणाऱ्या पाण्याचा मोठा वाटा. पाणी हवेच, धरणे पाडा असे मी म्हणत नाही. पण या साखळीतून कोणता मासा कुठवर पोहोचतो, हे अंदाजाने ठरवू नये.

ते मोजता येते. अमेरिकेत कोलंबिया नदीवर बॉनव्हिल धरण 1938 मध्ये झाले, तेव्हापासून तिथे शिडीवरून, म्हणजे माशांसाठी बांधलेल्या पायऱ्यांच्या जलमार्गावरून, चढणारे मासे मोजले जातात. 1987 पासून माशांच्या पोटात भाताच्या दाण्याएवढी चिप बसवू लागले. तिला बॅटरी लागत नाही. वाटेतल्या अँटेनाजवळून मासा गेला की त्याचा क्रमांक उमटतो. नदीच्या मुखाजवळच्या बेटांवर पाणपक्ष्यांच्या वसाहतींतली जमीन तपासून गिळल्या गेलेल्या माशांच्या चिपाही शोधतात. कोण कुठे मेले, याचा हिशेब इतक्या चिकाटीने ठेवला जातो! खोल पाण्यासाठी, खाडीसाठी ध्वनी सोडणारे टॅग असतात. मात्र खुणेचा, म्हणजे चिप किंवा टॅग लावलेला, मासा एका ठिकाणी नोंदला गेला नाही म्हणजे तो मेला असे नव्हे, तो यंत्राच्या नजरेतून सुटलेला असू शकतो. त्यासाठी पुढे आणखी एक नोंदयंत्र लागतेच.

आपल्याकडे गंगेवरचा फराक्का बंधारा 1975 मध्ये सुरू झाला आणि समुद्रातून अलाहाबादपर्यंत जाणाऱ्या हिलसा माशाची वाट तुटली. आता बराकपूरची केंद्रीय अंतर्देशीय मत्स्य संशोधन संस्था बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला हिलसा सोडते, त्यांतल्या काहींना खुणा करते. मोजणी सुरू झाली ती मासा गेल्यावर. उल्हासच्या बाबतीत तरी आधी व्हावी.

कुणी म्हणेल, मोजत कशाला बसता, शिडी बांधून टाका. मला ते घाईचे वाटते. कोलंबियातल्या शिड्या सामनसारख्या ताकदवान माशासाठी आहेत. आपली शिंगटी तेवढी उडी मारू शकत नाही. गोड्या पाण्यातली वाम तर उलटी: ती जन्मते समुद्रात, तिची पिल्ले खाडीतून वर येतात, ओल्या खडबडीत पृष्ठभागावरून सरपटत चढतात आणि मोठी झाली की अंडी घालायला पुन्हा समुद्राकडे निघतात. तिला चढायची वाट हवी, तशी उतरायचीही. जॅकवेलच्या (नदीतून पाणी उपसणाऱ्या विहिरीच्या) तोंडाशी ओढली जाणारी पिल्ले हा आणखी निराळा प्रश्न. एकच शिडी सगळ्यांना कशी चालेल?

वर्सोव्याला केंद्रीय मत्स्यिकी शिक्षण संस्था आहे, म्हणजे जाणकार हाकेच्या अंतरावर आहेत. पाटबंधारे खाते, एमआयडीसी आणि महापालिकांनी त्यांना सोबत घेऊन सुरुवात एका बंधाऱ्यापासून करावी. वलगणीचे पहिले काही दिवस बंधाऱ्याच्या पायथ्याशी मासेमारी थांबवावी आणि तेवढ्यात मासे पकडून, खुणा करून सोडावेत. खुणेचा मासा सापडला तर कळवायचे कुणाला, हे तिथल्या कोळी आणि कातकरी बांधवांना आधीच सांगून कळवणाऱ्याला बक्षीस द्यावे. त्यांच्याइतकी ही नदी कुणाला ठाऊक? आणि यापुढे कोणत्याही बंधाऱ्याच्या दुरुस्तीची निविदा निघेल, तेव्हा तिच्यात अँटेना बसवण्याच्या खाचेचा खर्च धरलेला असावा.

आपला,
एक वाचक, बाळकुम, ठाणे